चाकांवर उभी गाडी

४ फेब्रुवारी

भावजी,

एकोणीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नका. कोणी गेलेलं नाही, आणि जुनं भांडण मिटवायलाही मी लिहीत नाही. मला पिकअपसाठी धुराचा पाइप हवा आहे.

यांना सव्वा वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. मणक्याच्या दुखण्यामुळे यांना इतका वेळ बसवत नाही, म्हणून पिकअपच्या हौद्यात गादी टाकली आहे आणि वर ताडपत्रीचं छत केलं आहे. गाडी मी चालवते. अँब्युलन्स सांगून पाहिली. ती अकराला येते आणि यांची डायलिसिसची खुर्ची (ती मागे आडवी करता येते) दहाला असते. दहाला पोचलो नाही तर खुर्ची दुसऱ्या पेशंटला जाते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

अडचण धुराची आहे. पाइपाचं तोंड मागे आहे. गाडी चालू लागली की धूर मागून वळून ताडपत्रीखाली शिरतो. पोचेपर्यंत यांचं डोकं दुखतं, उलटी होते. उलटी झाली की रक्तदाब खाली जातो, मग नर्स मशीनला लावत नाही. गेल्या महिन्यात दोनदा तसेच परत आलो. खुर्ची अशी चुकत राहिली तर पुढे काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलं आहे. मी इथे लिहीत नाही.

इथल्या गॅरेजांत तयार पाइप मिळतात, सगळ्यांची तोंडं मागेच. "बाई, काच खाली ठेवा," असा एकाने सल्ला दिला. ताडपत्रीला काच कुठून आणू?

पत्र लिहायला यांनीच सांगितलं. गाडीखालची कामं अजून तेच बघतात. काय मापं हवीत ते कळवा.

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

दादाने सांगितलं म्हणता. त्या दिवशी सूर्य कुठून उगवला होता ते बघून ठेवायला हवं होतं.

डायलिसिसचं मला कोणी कळवलं नाही. कळवणार तरी कोण, म्हणा.

माझं चाललं आहे. दिवसभर सायलेन्सर कापायचे आणि जोडायचे. डावा गुडघा गेला आहे, खाली बसलो की उठताना भिंत धरतो. तेव्हा तिकडे येणं जमणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पाइप बाजूने बाहेर काढून भागणार नाही, धूर ताडपत्रीच्या कडेने आत जाईल. इंजिनपासून चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, कडेने मागे न्यायचा, त्याला मागच्या अ‍ॅक्सलवरून उडी मारायला लावायचं (अ‍ॅक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आडवा दांडा, तुम्हाला म्हणून सांगतो), मग कोपऱ्यातून सरळ वर. तोंड छताच्या वर वीतभर. धूर वरच्या वर निघून जाईल. उभ्या भागाला जाळी घालीन, म्हणजे कोणाचा हात भाजणार नाही.

टेपने घेतलेली मापं नकोत. जाड तार घ्यायची, पाइप जिथून जायचा तिथून वाकवत न्यायची, आणि ती तारच मला पाठवायची. यापुढे दादाला मी काय शिकवणार? तारेची रीत त्याचीच. त्याच्या तारेवर केलेला पाइप बसवताना कधी हातोडी लागली नाही.

एक विचारा त्याला. माझं वेल्डिंग चालेल का, की अजून कोंबडी चालून गेल्यासारखंच दिसतं?


१ मार्च

भावजी,

तीन तारा पाठवते आहे. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली आहे. पहिली इंजिनपासून मधल्या भागापर्यंत, दुसरी अ‍ॅक्सलवरून जाणारी, तिसरी कोपऱ्यातून वर. दुसऱ्या तारेवर खडूची खूण आहे, तिथे अ‍ॅक्सल येतो. अ‍ॅक्सल आणि तार यांत चार बोटं अंतर ठेवलं आहे. सगळं तीनदा पडताळलं. तारांचे कोन मी कोनमापकाने मोजून कागदावर लिहिले आहेत. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, तिचा एवढा तरी उपयोग व्हावा.

वेल्डिंगचं विचारलं. हे म्हणाले, "चालेल. आता वय झालं, सुधारला असेल."

खुर्ची पुन्हा चुकू नये म्हणून आता ताडपत्री सगळी उघडी टाकून हळू चालवते. त्यामुळे साडेआठऐवजी आठला निघावं लागतं, म्हणजे सहाला यांना उठवावं लागतं. चार तास मी बाहेरच्या बाकावर असते. समोरचं घड्याळ बंद आहे. ते बंद आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळे वर बघतात. मीही बघते.

पाइप लवकर पाठवा.

वहिनी


१७ मार्च

वहिनी, नमस्कार.

पाइप आज ट्रान्सपोर्टने रवाना केला. तीन तुकडे आहेत, क्लॅम्प आणि लटकवायची रबरं पिशवीत आहेत.

तारा बघून मन खट्टू झालं. दादा तार गुडघ्यावर घ्यायचा आणि एका दाबात बाक द्यायचा. तार आपणहून वळली आहे असं वाटायचं. या तारेवर जागोजाग पक्कडीचे चावे आहेत. बाक कसला, जिना आहे. हात थरथरतात का त्याचे? माझेही सकाळी थरथरतात. पण माप दादाचं आहे, म्हणून मी सूतभरही इकडचं तिकडे केलं नाही.

कोंबडीची त्याची बाजू तुम्ही ऐकली असेल, माझी ऐका. गिऱ्हाईक समोर उभं. दादाने माझा जोड त्याच्यापुढे धरला, "यावरून कोंबडी चालली का रे?" म्हणाला, आणि करवतीने कापून टाकला. गिऱ्हाईक हसलं. तो जोड वाकडा होता, पण पक्का होता. मीही काही कमी नाही. दुसऱ्या दिवशी पाइप वाकवायचं मशीन टेम्पोत घातलं आणि निघालो. मशीन दोघांचं होतं. त्यानंतर दादाने पाइपाचं काम बंद केलं आणि पिकअपवर भाडी मारायला लागला, असं ऐकलं. मशीनशिवाय करणार तरी काय होता?

असो, शिळ्या कढीला ऊत आणत नाही. या पाइपाचा प्रत्येक जोड मी दोनदा केला आहे. त्याला म्हणावं, उन्हात नेऊन बघ.


५ एप्रिल

भावजी,

पाइप बसवला. तीन खेपा चालला. मागचा बाक अ‍ॅक्सलवर आपटतो. तुम्हाला कळवलेल्या चार बोटांतलं अर्धं बोटही उरलेलं नाही. गुरुवारी एका खड्ड्यात पाइप फाटला. जोड शाबूत आहे, त्याच्या शेजारी पाइपच फाटला, तोही नेमका गादीच्या खाली. हौद्याच्या फटींतून धूर आत आला. यांना त्रास झाला. आता बरे आहेत.

मापं तीनदा घेतली होती. चूक तुमच्या दुकानात झालेली असणार. तारा पुन्हा लावून बघा आणि काय ते कळवा. तोवर जुना पाइप घालून घेतला आहे.

वहिनी


१० एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. दादाला चार शब्द सुनवणारं पत्र लिहिलं आणि फाडलं. तारा भिंतीला टांगलेल्या आहेत, पाइपाचा खडूने काढलेला आकार अजून फरशीवर आहे. दोन्ही तंतोतंत जुळतात. माझी चूक नाही.

मग काल दुकानात तुमच्यासारखीच एक पिकअप आली. तुमची दुसरी तार घेऊन तिच्याखाली गेलो. तार अ‍ॅक्सलवर टेकली. बाहेर सरकलो. मग सहज म्हणून चासीला जॅक लावून गाडी उचलली. चाकं लोंबली, त्यांच्याबरोबर अ‍ॅक्सल खाली गेला, आणि तार बरोबर बसली. खडूच्या खुणेवर, चार बोटं अंतर ठेवून.

गाडी उचलली की अ‍ॅक्सल खाली लोंबतो, चाकांवर ठेवली की परत वर येतो. म्हणून तार वाकवायची ती गाडी चाकांवर उभी असताना. दादाने हे मला पहिल्या दिवशी शिकवलं, आणि दुसऱ्या दिवशी मी विसरलो तेव्हा पाना फेकून मारला. त्याची खूण अजून नडगीवर आहे. मी तुम्हाला हे लिहिलं नाही, कारण दादाला ते लिहिणं म्हणजे त्याला श्वास घे असं सांगण्यासारखं होतं. त्याचे हात थरथरोत, डोळे जावोत, जॅकवरच्या गाडीचं माप तो घेणार नाही.

वहिनी, गाडीखाली कोण गेलं होतं?


१६ एप्रिल

भावजी,

मी गेले होते.

सदुसष्टाव्या वर्षी जमिनीवरच्या गाडीखाली मला शिरता येत नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून गाडी उचलून घेतली, चासीखाली ठोकळे लावले आणि सतरंजी टाकून आत गेले. गाडी वर गेली म्हणून तिच्या आतली अंतरं बदलतील असं मनातसुद्धा आलं नाही. फळ्यावरचा त्रिकोण उचलून दुसरीकडे ठेवला तरी तोच त्रिकोण असतो. प्रत्येक माप बरोबर होतं. गाडीच चुकीची उभी होती.

यांनी मला काहीही सांगितलेलं नव्हतं. पत्र लिहायला सांगितलं नव्हतं आणि वेल्डिंगचं ते वाक्यही माझंच होतं. सांगितलं होतं ते एवढंच, की त्याच्याकडे काही मागायचं नाही. गेल्या ऑगस्टपासून हे स्वतःच्या पायांवर उभे राहिलेले नाहीत. वजन चाळीस किलो आहे. तुम्ही माझ्यासाठी पाइप कराल की नाही याची मला खात्री नव्हती. त्यांच्या शब्दाखातर कराल याची होती.

गुरुवारचंही खरं लिहिते. पहिल्या खेपेपासून खाली टणटण वाजत होतं. "बसेल हळूहळू," पंक्चरवाला म्हणाला, आणि मला तेच ऐकायचं होतं. त्रास व्हायला लागला की हे हौद्याच्या पत्र्यावर ठोकतात. गुरुवारी बराच वेळ ठोकत होते. खुर्ची चुकेल म्हणून मी थांबले नाही. मग ठोकणं थांबलं, आणि मला बरं वाटलं. म्हटलं, डोळा लागला असेल. हॉस्पिटलच्या दारात ताडपत्री वर केली तेव्हा शुद्ध नव्हती. तीन दिवस ठेवून घेतलं. तुम्हाला "आता बरे आहेत" लिहिलं ते त्या बाकावर बसून.

घरी आणताना फाटलेला पाइप हौद्यात यांच्या शेजारीच पडला होता. वाटेत थांबून बघितलं तर त्याच्या जोडावरून अंगठा फिरवत होते.

"हा कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"दुकानातून आणला."

"कुठल्या दुकानातून?"

मी पुढे जाऊन गाडी सुरू केली. घर आलं, दोघांनी धरून उतरवलं, पलंगावर निजवलं. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "जोड सरळ आहे."

भावजी, मी थकले आहे. तारा वाकवायचा कंटाळा आला आणि खोटं लिहायचाही आला. यायचं असेल तर या. नसेल तर तसं स्पष्ट कळवा, म्हणजे मी दुसरी काही सोय बघेन.

वहिनी


२० एप्रिल

वहिनी,

रविवारी पोचतो. जुनं मशीन टेम्पोत घालून आणतो.

गाडी जमिनीवर, चाकांवर उभी ठेवा. चारही चाकांत हवा भरून घ्या. टाकीत रोज असतं तेवढं तेल असू द्या. हौद्यात गादी टाका आणि दादाला तिच्यावर निजवा. रोजचं ओझं गाडीत असल्याशिवाय चाकांवरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, नीट दबत नाहीत, आणि मग माप पुन्हा चुकेल. दोन तास लागतील. त्याला म्हणावं, हे मापासाठी आहे, माझ्यासाठी नाही.

तोवर त्याला जुन्या पाइपावर नेऊ नका. अँब्युलन्सवाल्याच्या पाया पडा, नाहीतर त्याला शिव्या घाला. शिव्या तुम्हाला जमणार नाहीत. शाळेत पोरांकडे बघायचात तसं नुसतं बघा.


९ मे

वहिनी, नमस्कार.

इकडे परत पोचलो त्या दिवशी गुडघा कलिंगडाएवढा झाला. आठवडाभर दुकान बंद होतं, म्हणून पत्राला उशीर. धूर वर जातो ना? पाऊस आला तर पाइपाच्या तोंडावर डबा पालथा घालू नका. झाकण लावलेलं आहे, ते आपोआप उघडतं.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही दोन तास छत्री धरून उन्हात उभ्या राहिलात, म्हणून सांगितलं पाहिजे. चाळीस किलोनं पिकअपचे पाटे दबत नाहीत. टनभर माल वाहायला केलेली गाडी ती. नुसती चाकांवर उभी होती तेवढं पुरलं असतं. पण दादाच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायचं आणि बोलायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं. टेम्पोत बसून रस्ताभर वाक्यं जुळवत होतो, एकही धड जुळलं नाही. मी खाली, तो वर, मध्ये पत्रा, हे जमलं.

तुम्ही पाणी आणायला आत गेला होतात तेव्हाचं सांगतो. तोवर एक शब्द झाला नव्हता. मी तार बसवून पाइपावर खडूने खुणा करत होतो. वरून पत्रा वाजला. मला वाटलं, त्रास होतो आहे. हात थांबला.

"खुणा सरळ कर," दादा म्हणाला. "खडूवरून कोंबडी चालली तर जोडावरूनही चालेल."

वहिनी, मी खाली पाठीवर पडलेलो. म्हटलं, "एकोणीस वर्षं हेच वाक्य धरून बसला होतास का?"

"नाही रे. मशीन धरून बसलो असतो, ते तू नेलंस."

तुम्ही परत आलात तेव्हा आम्ही दोघं का हसत होतो ते तुम्ही विचारलंत, आणि तो म्हणाला, "काही नाही, माप जुळलं."

ओझ्याचं त्याला सांगू नका. मशीन मी विसरलो नाही, ठेवून आलो. माझ्याकडे विजेवर चालणारं आहे. ते तिथलंच होतं.


१७ मे

भावजी,

धूर वर जातो. तुम्ही गेल्यापासून एकही खुर्ची चुकली नाही, एकदाही उलटी नाही. डॉक्टर म्हणाले, यातून बरं होणं नाही, पण हे असं चालू राहू शकतं. मला एवढं पुरे आहे. पत्र्यावर ठोकणं अजून आहे. पहिल्या दिवशी मी धावत मागे गेले. तर म्हणाले, "गिअर उशिरा टाकतेस." आता रोज तीच तक्रार असते. मी थांबत नाही.

ओझ्याचं मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना माहीत आहे. तुमचा टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तेव्हाच म्हणाले, "चाळीस किलोनं पाटे दबतात होय? एवढं शिकवलं मी याला."

"मग दोन तास उन्हात का पडून राहिलात?" मी विचारलं.

"तो म्हणाला, ओझं हवं. दीड वर्षात कोणाला ते पहिल्यांदाच हवं होतं."

मी छत्री मिटून आत गेले. मला दुसरी कामं होती.

आता मशीनचं. ते इथे राहणार नाही. ताडपत्री घालून ठेवलं आहे, पण जाता-येता माझ्या पायाला लागतं. मी ट्रान्सपोर्टने पाठवणार होते. हे नको म्हणतात. यावेळी ते खरंच म्हणतात, मी शब्द घातलेले नाहीत. म्हणतात, "ट्रान्सपोर्टवाले मशीनचा दांडा हरवतात. ज्याचं आहे त्याला न्यायला येऊ दे." त्याच ट्रान्सपोर्टवाल्याने तुमचा पाइप, रबरं आणि क्लॅम्पसकट, ओरखडा न येता घरपोच दिला होता. याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

तेव्हा मशीन न्यायला या. मंगळवार, गुरुवार, शनिवार सोडून कधीही. तुम्ही आलात की हे पुन्हा म्हणतील की दांडा सापडत नाही, कारण तो त्यांनी गादीखाली ठेवून घेतला आहे. दोन-चार दिवस काढूनच या.

गाडी चाकांवर उभी आहे.

वहिनी